खारपाणपट्ट्यातला लॅपटॉप

बिघडलेला लॅपटॉप आला की मी नुसता कामाला लागायचो. पासवर्ड विसरलेला लॅपटॉप आला की मात्र माझ्या अंगात यायचं. पासवर्ड म्हणजे विंडोजचा नव्हे, तो उडवायला आमच्या अमरावतीत कोणीही पुरेसा होता. मी म्हणतोय तो त्याच्याही आधीचा. बटण दाबलं, पंखा फिरला की काळ्या पडद्यावर एक छोटंसं कुलूप उमटतं आणि शेजारी एक रिकामी चौकट. विंडोज बिचारी अजून झोपेतच असते. हे कुलूप मशीनच्या हाडात बसवलेलं. कंपन्या, बँका, संस्था आपल्या कामाच्या लॅपटॉपला ते लावायच्या, चोराच्या हाती काही लागू नये म्हणून. चोराच्या हाती लागायचं नाही हे खरंच, पण मालकाच्याही लागायचं नाही, कारण मालक पासवर्ड विसरून बसायचे. वऱ्हाडात चोरांपेक्षा विसरभोळे जास्त. म्हणून माझं पोट चालायचं.

ती वर्षं शेतीच्या संकटाची होती. संकट आलं तसे वऱ्हाडात प्रकल्प आले. कोणी मातीचा, कोणी पाण्याचा, कोणी नुसता सर्वेक्षणाचा. प्रकल्पांबरोबर पांढऱ्या जीपा आल्या आणि जीपांमधून काळे, जाडजूड, कडक बिजागरीचे लॅपटॉप आले. पुढे मुदत संपली, जीपा परत गेल्या. लॅपटॉप मागे राहिले. कुणाच्या कपाटात, कुणाच्या ट्रंकेत, आणि फिरत फिरत माझ्या काउंटरवर. गाव कोणतंही असो, मशीन आलं की त्याच्याबरोबर येणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: "पासवर्ड साहेबाले माहीत होता, अन् साहेब गेले बदलून."

माझा स्वभाव तापट. घरचे म्हणायचे, याच्या नाकावर राग बसलेलाच असतो. पण कुलपासमोर तो राग कामी यायचा. मशीननं 'चूक' म्हणून टूं केलं की मला वाटायचं, हे मला चिडवतंय, आता बघतोच. एकदा विम्याच्या एका साहेबांनी दुकानात उभं राहून माझ्यावर आवाज चढवला होता. मी त्यांच्यापेक्षा मोठा आवाज काढला, आणि त्या भांडणात त्यांच्या तोंडून जुन्या स्कूटरचा नंबर निघाला. तोच पासवर्ड होता. स्कूटर विकून त्यांना कित्येक वर्षं झाली होती. आम्ही दोघंही आधी वरमलो, मग हसत सुटलो, आणि नंतर चहाही प्यालो.

जिथं भांडूनही भागायचं नाही तिथं माझा आधार होता अकोल्याचा भाईजान. टिळक रोडच्या आतल्या गल्लीत त्याचं दुकान. घराणं घड्याळ दुरुस्तीचं. घड्याळं कोणी दुरुस्त करेनासं झालं तेव्हा तो मोबाइलकडे आणि मोबाइलवरून लॅपटॉपच्या बोर्डांकडे वळला. बोर्डावरची मुंगीएवढी चिप उचलायची, तिच्यातलं कुलूप पुसायचं, परत बसवायची, हे काम तो गुणगुणत करायचा. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा, पण आमची दोस्ती बरोबरीची. आमचा नियम एकच होता. मशीन कोणाचं याचा कागद दाखवल्याशिवाय हात लावायचा नाही. चोरीचं कुलूप आम्ही उघडत नव्हतो.

तर एका उन्हाळ्यात, माझ्या अमरावतीच्या दुकानात, एक बाई आली. तिशीची असेल. पदर डोक्यावर, खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप. मी काही विचारायच्या आत तिनं कागद काउंटरवर ठेवला.

"हा पाहून घ्या पयले. मशीन चोरीचं नाई. प्रकल्प बंद झाला तवा संस्थेनं मले लेहून देलं. आता खोला."

"ताई, खोला म्हणजे? ही काय बरणी आहे?"

"बरणी असती त म्याच खोलली असती, भाऊ. तुमच्यापाशी कायले आली असती?"

मला हसू आलं. फटकळ माणसं मला आवडतात, कारण त्यांच्याशी भांडायला कमीपणा वाटत नाही.

ती मूळची नांदगाव खंडेश्वरची. लग्न होऊन गेली मूर्तिजापूरच्या उत्तरेला, खारपाणपट्ट्यातल्या एका गावात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, तिकडं जमीन काळीभोर आणि खालचं पाणी खारट. विहीर खणा, हापसा मारा, खारटच. साबणाला फेस येत नाही आणि तूरडाळ शिजत नाही. घोटून घोटून हात दुखतात, पण दाणा दाण्यापासून सुटा तो सुटाच.

"माही सासू अजून पातेल्यातला दाणा काढून दोन बोटांत दाबून पायते," ती म्हणाली. "दबतच नाई. तरी रोज पायते. दोन कोसांवरून पिवाचं पाणी आणतो आमी, ते डाळीत कोन घालीन?"

पाण्याच्या प्रकल्पात हिला काम मिळालं होतं. गावातल्या आणि शिवारातल्या प्रत्येक विहिरीचं पाणी दर उन्हाळ्यात मोजायचं आणि खारटपणाचा आकडा लॅपटॉपमध्ये भरायचा. चार वर्षं तिनं ते केलं. सगळ्या विहिरी खारट, एक सोडून. नाल्याच्या जुन्या वळणावर एक विहीर होती, मालक तिच्यावर फक्त ढोरांना पाणी पाजायचा. तिचं पाणी चारही उन्हाळे गोड निघालं होतं. पुढे रस्ता रुंद झाला आणि ती विहीर बुजवली गेली. ढोरांच्या विहिरीचं पाणी कुणी चाखलेलं नव्हतं, त्यामुळे ती गोड होती हे गावात हिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

आता गावाला टंचाईच्या कामातून एक बोअर मंजूर झाला होता. एकच. बोअर मारायच्या मशीनचा ट्रक परवा येणार होता. सरपंचाला तो देवळामागे हवा होता, आपल्या वाड्याशेजारी. ही म्हणत होती, नाल्याच्या वळणावर मारा, तिथं गोडं लागेल. लोक म्हणाले, बाईचं ऐकून कोणी बोअर मारतं का? तालुक्याचा इंजिनिअर मात्र सरळ माणूस होता. तो म्हणाला होता, "आकडे दाखवा, मी जागा बदलतो. आकडे नसतील तर देऊळ."

"अन् आकडे याच्यात हायेत," लॅपटॉपवर थाप मारून ती म्हणाली. "अन् हे मुकं झालं."

 तोवर मी कुलपं उघडली होती ती साहेबांच्या हिशेबांसाठी, लग्नाच्या फोटोंसाठी. एका गावाचं पाणी कुलपात अडकलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. मी शटर अर्धं खाली ओढलं, म्हणजे दुसरं गिऱ्हाईक नको, आणि बसलो.

"पासवर्ड काहीच आठवत नाही?"

"आठवते न! गोडपाणी. चार वर्षं रोज टाकला म्या."

"मग अडलं कुठं?"

"तेच त! गोडपाणीच हाय अन् घेत नाई. प्रकल्प बंद झाला, मशीन दोन उन्हाळे ट्रंकीत पडून होतं. आता काढलं त ओळखच देत नाई. दिरानं टाकून पायलं, दिराच्या दोस्तानं पायलं, मूर्तिजापूरच्या कॅफेवाल्यानं पायलं. नाई म्हणते."

मी म्हटलं, त्या सगळ्यांना इंग्रजी येत नसेल. मी गोडपाणी टाकलं. टूं. मधे जागा सोडून टाकलं. टूं. शेवटी वाय लावून, आय लावून, दोन ई लावून, पाण्याचा एन दुप्पट करून. दर काही प्रयत्नांनी मशीन रुसून बंद पडायचं, मग पुन्हा बटण, पुन्हा पंखा, पुन्हा तेच छोटं कुलूप. तिलाही टाकायला सांगितलं. तिनं एका बोटानं एकेक अक्षर शोधत, जणू तांदळातले खडे निवडतेय अशा बेतानं टाकलं. टूं. माझ्या मनात आलं, हिला टायपिंगचा गंध नाही, चार वर्षं हिनं आकडे भरले तरी कसे? त्याच वेळी भारनियमनाची वेळ झाली आणि लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली. पडदा काळा झाला.

मी काउंटरवर मूठ आपटली. ती म्हणाली, "मशीनले मारू नका, भाऊ. त्याची का चूक हाय?"

मी भाईजानला फोन लावला. तो म्हणाला, "उद्या घेऊन ये. पण बोर्डाचं कुलूप मी पुसून देईन, डिस्कचं काय? कंपनीच्या मशीनले डिस्कचं कुलूप वेगळं राह्यते."

हे मी विसरलोच होतो. बोर्डाचं कुलूप घराच्या दाराचं, डिस्कचं तिजोरीचं. भाईजान दार उघडून द्यायचा. तिजोरी कुणालाच उघडायची नाही. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी ती ओठ घट्ट मिटून बसते. तिला पासवर्डच हवा. लाइट आल्यावर मी लॅपटॉप तपासला तर खरंच, दोन्ही कुलपं एकाच पासवर्डवर लागलेली. म्हणजे मशीन वाचलं असतं आणि पाणी गेलं असतं. सगळं मुसळ केरात.

मी ताईला सगळं सांगून टाकलं. तिनं ऐकलं, लॅपटॉप पुन्हा टॉवेलात गुंडाळला आणि म्हणाली, "उद्या अकोल्याले मीबी येते. मशीन मी कोनाच्या हाती देत नाई."

दुसऱ्या दिवशी मी बडनेऱ्याहून पॅसेंजर धरली. मूर्तिजापूरला तिला गाडीत चढताना पाहिलं. मांडीवर पिशवी, आणि पिशवीवर दोन्ही हात. अकोल्यात उतरून आम्ही भाईजानच्या दुकानात पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि भाईजान कॉम्प्युटरसमोर घामाघूम बसला होता. मला वाटलं एखाद्या बोर्डाशी झुंजतोय. तर नाही. शुक्रवारची पाटी टाइप करत होता.

"पाय न यार, 'शुक्रवारी दुपारी दुकान बंद राहील', एवढंच लिहाचं हाय. नमाजले जातो तवा लोक शटर वाजवत राह्यतात. सकाळपासून 'शु'च सापडून नाई राह्यला."

"भाईजान, पाटी राहू दे, आधी हे बघ."

त्यानं लॅपटॉप उलटा केला, चष्मा कपाळावर चढवला, आणि खालचं लेबल डोळ्याजवळ नेऊन वाचलं. मग म्हणाला, "याले मी हात नाई लावत. बोर्ड पुसला अन् डिस्क रुसली, त समजा कायमची रुसली. पासवर्ड आठवा, ताई. दुसरा रस्ता नाई."

"आठवते म्हणून राह्यली न मी, चाचा! कितीकदा सांगू?" तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला.  भाईजान उगाच पाटीकडे वळला आणि पुन्हा 'शु' शोधू लागला. एका बोटानं. ती जरा वेळ बघत राहिली, मग तिला ते सहन झालं नसावं. घरात दुसरीनं वाकडी पोळी लाटली की सहन होत नाही, तसं. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "सरका."

भाईजान सरकला. ती बसली. पाठ ताठ, मनगटं उचललेली, नजर भिंतीवर. आणि तिच्या दहाही बोटांनी एकदम जो सडा घातला त्यानं मी स्टुलावरून उठलो. 'शुक्रवारी दुपारी दुकान बंद राहील'. कळफलकाकडे एकदाही न बघता. भाईजाननं अजून तोंड मिटलं नव्हतं तोवर तिनं खाली 'आपल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व' हेही टाकून दिलं.

"ताई!" मी ओरडलोच. "तुम्हाला टायपिंग येतं?"

"मंग? मराठी तीस पास हाये मी, मिनिटाले तीस शब्द. नांदगावच्या क्लासात पहिला नंबर होता."

"आणि इंग्रजी?"

"इंग्रजीचा क्लास लावणार होती, त लग्न झालं."

आता माझ्या डोक्यात असा उजेड पडला की मी त्या अरुंद दुकानात चक्क नाचलो. त्या काळात वऱ्हाडातल्या प्रत्येक तालुक्याला टायपिंगचे क्लास होते. शेतात राम राहिला नाही म्हणून पोरापोरींची नोकरीसाठी पहिली उडी तिकडं. मराठी टायपिंगची मांडणी जुन्या टाइपरायटरची. कॉम्प्युटर आला तरी कळा त्याच. 'ग' हवा असेल तर कुठल्या तरी भलत्याच इंग्रजी अक्षराची कळ दाबायची. फाँट मराठी असला की पडद्यावर 'ग' दिसतो, मशीनच्या पोटात मात्र इंग्रजी अक्षरांचा भुसा जातो.

"पासवर्ड टाकला तेव्हा कोण होतं समोर?"

"अमरावतीले ट्रेनिंग होतं. सर म्हणले, आपापला टाका, मले सांगू नका. पडद्यावर त ठिपकेच येत होते. म्या माह्या माह्या हातानं टाकला."

"मराठीच्या हातानं!"

 मग तिनं कपाळावर हात मारला. "अवो बाई! सगळे मले इंग्रजीत इचारत होते, म्हणून मीबी इंग्रजीतच शोधत बसली! मशीनवर इंग्रजीच लेहेलं असते, म्हणून मले वाटलं पासवर्डबी इंग्रजीच असंन. मीच बह्याड झाली!"

भाईजाननं चहा सांगितला, मी लॅपटॉपचं बटण दाबलं. कुलूप उमटलं. ती बसली, पण या वेळी तिची नजर भिंतीवर नव्हती, बोटांवर होती. प्रत्येक कळ ठरवून, जपून. गो. ड. पा. णी. एंटर.

टूं.

पुन्हा. टूं.

चहा आला. कुणी घेतला नाही. मी म्हणालो असेन काहीतरी वेडंवाकडं, कारण भाईजाननं मला खांद्याला धरून खाली बसवलं. एवढं जवळ येऊन घोडं पुन्हा अडलं होतं, आणि संध्याकाळच्या गाडीनं तिला परत जायचं होतं. दुसऱ्या दिवशी ट्रक येणार होता.

"मले असं एकेक करून येतच नाई," ती स्वतःशीच चिडून म्हणाली. "बोटं इचार कराले लागली की चुकतात. क्लासमंधी मॅडम बोलाच्या अन् आमी टाइप कराचो. ऑफिसातबी सर बोलाचे. चाचा, तुमी बोला. काईबी बोला."

भाईजान गोंधळला. "काय बोलू?"

"तुमच्या मनचं बोला. मी तुमच्या मशीनवर टाइप करते. हात गरम होऊ द्या."

आणि भाईजान बोलू लागला. त्यानं काय बोलावं? आधी दुकानाचा पत्ता. मग आपल्या वालिदांच्या घड्याळाच्या दुकानाची हकिकत. मग उन्हाळ्यात अकोला किती तापतं याबद्दल तक्रार. त्याचं उर्दूच्या वळणाचं मराठी आणि तिची बोटं यांची लय जमत गेली. टक टक टक, ठप. टक टक, ठप. मी कान देऊन ऐकत होतो. प्रत्येक शब्दानंतर तो 'ठप' एकाच जागी पडत होता. तिची नजर पुन्हा भिंतीवर गेली होती. मी लॅपटॉप सुरू केला, कुलूप येऊ दिलं, भाईजानचा कळफलक हलकेच बाजूला केला आणि तिच्या हाताखाली लॅपटॉप सरकवला. भाईजानकडे बघून डोळे मोठे केले. त्याला कळलं.

"...अन् आमच्या अकोल्यात," तो त्याच सुरात म्हणाला, "नळाले येते ते," आणि मग स्वच्छ आवाजात, "गोडपाणी."

टक टक टक टक. ठप.

मी ठिपके मोजत होतो. मघापेक्षा एक जास्त होता!

"अंगठा!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की गल्लीतला कापडवाला डोकावला. "ताई, शेवटी अंगठा मारलात! स्पेस!"

"मारतेच. शब्द संपला की अंगठा. नाई मारला त मॅडम पट्टी मारत होत्या."

"मग एंटर मारा! एंटर!"

तिनं मारला.

टूं झालं नाही. कुलूप गेलं. पडदा क्षणभर काळा झाला आणि मी तर देवाचं नाव घेतलं. मग डिस्क आतून खरखरली, दोन उन्हाळे ट्रंकेत झोपलेलं मशीन आळस देत उठलं, आणि विंडोजचा निळा पडदा आला. भाईजाननं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की दुसऱ्या दिवसापर्यंत पाठ दुखत होती. मी हसत होतो, तो हसत होता. ती मात्र रडत होती आणि रडता रडता आम्हालाच रागावत होती, "हसता काय, बंद पडंन ते, आधी काढून घ्या न!"

आकडे होते. चारही उन्हाळ्यांचे. ढोरांच्या विहिरीची ओळ तिनं बोटानं दाखवली, मी वाचली, भाईजाननं वाचली. सगळ्या पानभर मोठमोठे खारट आकडे आणि त्यांच्यात ती एक ओळ, चारही वर्षं सरळ, गोड. भाईजाननं पानं छापली, वर त्या शुक्रवारच्या पाटीचीही एक प्रत छापली. आम्ही दोघांनीही पैसे घेतले नाहीत. तिनं द्यायचा हट्ट केला तेव्हा भाईजान म्हणाला, "ताई, तुमी माह्यी पाटी टाइप करून देली. फिट्टंफाट."

पासवर्ड आता बदलू का, असं तिनं निघताना विचारलं. मी म्हणालो, बदला, सोपा ठेवा. ती म्हणाली, "नाई. हाच राहू द्या. आता समजला न कसा टाकाचा."

त्यानंतरचे दिवस माझे फार वाईट गेले. फोन नाही, निरोप नाही. मी गिऱ्हाइकांवर खेकसत होतो. डोक्यात एकच विचार. आकडे गोड असतील, पण विहीर बुजली, नाला वळला, खालचं पाणी बदललं असेल तर? मी एवढा उड्या मारत होतो, आणि खारटच लागलं असेल तर गावानं तिला काय काय ऐकवलं असेल? भाईजान फोनवर म्हणायचा, सब्र कर. सबुरी हा शब्द मला लहानपणापासून आवडत नाही.

मग एके दिवशी तिचा फोन आला. "भाऊ, चाचाले घेऊन जेवाले या." मी विचारलं, पाणी? ती म्हणाली, "या न बाप्पा, फोनवर काय सांगू," आणि ठेवून दिला. असा राग आला मला! मी भाईजानला रात्रीच कळवून टाकलं आणि सकाळी आम्ही मूर्तिजापुरात भेटून तिच्या गावाची ऑटो धरली.

घर साधंच, सारवलेलं. अंगणात पाट मांडलेले. सरपंचही आले होते, तोंड जरा पाडून, पण आले होते. तिनं ताटं वाढली. भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी, आणि वाटीत वरण. मी वाटीकडे बघितलं आणि भाईजाननं माझ्याकडे. वरणात एकही दाणा दिसत नव्हता. पिवळंधमक, एकसारखं, वाटीच्या कडेला चिकटणारं वरण.

"नाल्यावर लागलं का?" मी विचारलं. 

"इंजिनिअरनं कागद पायला अन् जागा बदलली," ती म्हणाली. "तुमी जेवा."

आम्ही जेवलो. मी दोनदा वरण मागून घेतलं, भाईजाननं तीनदा. तिची सासू जेवायला बसली नव्हती. ती चुलीजवळ पातेलं घेऊन बसली होती. पळीनं थोडं वरण काढून ती तळहातावर घ्यायची आणि अंगठ्यानं दाणा शोधायची. सापडत नव्हता. पुन्हा पळी बुडवायची, पुन्हा तळहातावर घ्यायची, पुन्हा अंगठा फिरवायची. सून म्हणाली, "आत्या, शिजली हाय न, जेवा आता." म्हातारी मान हलवून हो म्हणाली आणि पुन्हा शोधू लागली.